कंदीलमासा नक्की किती? १ अब्ज टन की १० अब्ज टन?

प्रश्न थोडक्यात असा आहे: खोल समुद्रात झुंडीने राहणारा बोटभर लांबीचा चंदेरी लँटर्नफिश जगातल्या सर्वांत मुबलक माशांपैकी एक आहे म्हणतात. पण त्याचं एकूण वजन कुठे १ अब्ज टन दिलेलं असतं, कुठे १० अब्ज. दहापट फरक कसा पडतो? एवढा मासा असेल तर कोणी पकडत का नाही? आणि जिथे उजेडच नाही, तिथे अंग चंदेरी कशाला?

माझी बहुतेक नोकरी संशोधन-जहाजावर इको साउंडरच्या पडद्यासमोर गेली. पाण्यात आवाज सोडायचा, परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून खाली किती मासा आहे ते सांगायचं, हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमचा तिसरा प्रश्न हीच पहिल्या दोघांची किल्ली आहे. म्हणून तिथून सुरुवात करतो.

आधी एक दुरुस्ती. लँटर्नफिश हा एक मासा नव्हे. मिक्टोफिडी नावाचं अख्खं कुळ आहे, त्यात सुमारे २५० जाती. बहुतेक १५ सेंटीमीटरच्या आतल्या, कित्येक तर पाच-सहा सेंटीमीटरवरच थांबणाऱ्या. डोळे डोक्याच्या मानाने भलेमोठे, तोंड बोथट आणि पोटाच्या कडेने मोत्यासारख्या प्रकाशबिंदूंच्या रांगा. मी पुढे कंदीलमासा म्हणतो. दिवसा तो साधारण ३०० ते १,२०० मीटर खोल असतो आणि रात्री त्यातले बरेचसे वरच्या १०० मीटरांत चढून येतात.

दुसरी दुरुस्ती: तिथे उजेड नाही, हे खरं नाही. स्वच्छ महासागरात दर ७०-७५ मीटरला प्रकाश साधारण दहापट कमी होतो. ४०० मीटरवर माणसाला काळोख वाटेल, पण तिथल्या माशाला तो अजून दिवसच असतो. लाल-पिवळे रंग वरच गाळले गेलेले, उरलेला एकच निळा, तोही जवळजवळ सगळा डोक्यावरून येणारा. आता या पाण्यात लपायचं कसं ते बघा. आडोसा नाही, दगड नाही, गवत नाही. चहूबाजूंना नुसतं पाणी.

इथे चांदी कामाला येते. या पाण्यात कुठल्याही बाजूला पाहिलं तरी आडवा उजेड सारखाच असतो. म्हणजे माशाची कूस उभ्या आरशासारखी असेल, तर त्या आरशात दिसणारं पाणी आणि माशामागचं पाणी यांत काही फरक उरत नाही. मासा असतो आणि दिसत नाही. हा आरसा धातूचा नसतो. त्वचेत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिपातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात आणि त्यांची जाडी ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरी परतवेल इतकी नेमकी असते. ब्रिटनच्या प्लिमथ इथल्या एरिक डेंटन यांनी १९७० च्या सुमारास हे गणित मांडलं. माशाचं अंग गोलाकार असलं तरी खवल्यांमधले स्फटिक मात्र पाण्यात उभेच राहतील असे बसवलेले असतात, हे त्यांनी दाखवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो.

आरसा बाजूने लपवतो, खालून नाही. खालून वर पाहणाऱ्या शिकाऱ्याला उजळ पार्श्वभूमीवर काळी सावली दिसणारच. त्यावर उपाय म्हणजे पोटावरचे दिवे. वरून जेवढा निळा उजेड येतोय, साधारण तेवढाच खाली सोडायचा, म्हणजे सावली पुसली जाते. लोकांना वाटतं, अंधारात वाट दिसावी म्हणून हा कंदील आहे. पोटाखालचे दिवे वाट दाखवायला नसतात, स्वतःला मिटवायला असतात. अपवाद आहेत. डायाफस या गटातल्या जातींत डोळ्यांजवळ पुढे उजेड टाकणारे मोठे दिवे असतात आणि अनेक जातींत शेपटीच्या बुडाशी एक तेजस्वी ग्रंथी असते, नराला वरच्या बाजूला, मादीला खालच्या. प्रकाशबिंदूंची मांडणीही जातीगणिक वेगळी. आम्ही जाती ओळखतो त्या याच बिंदूंवरून, कारण जाळ्यातून वर येणारा कंदीलमासा चंदेरी नसतोच. त्याचे खवले इतके सैल असतात की वर येईपर्यंत सगळी चांदी घासून जाते. डेकवर पडतो तो काळपट, उघडाबोडका, गुळगुळीत जीव. पहिल्या सफरीवर आलेला प्रत्येक विद्यार्थी विचारतो, "चित्रातला मासा हाच का?" बिंदूही खरवडले गेले असतील, तर कानातला चुन्याचा खडा काढून भिंगाखाली पाहावा लागतो.

तर लपणं हा या माशाचा धंदा आहे. हे ध्यानात ठेवून मोजणीकडे येऊ.

एका बाबतीत मात्र तो उघडा पडतो. अनेक जातींच्या पोटात हवेची पिशवी असते आणि पाण्यातला हवेचा बुडबुडा आवाजाला आरशासारखा परतवतो. डोळ्यांपासून लपलेला मासा कानाला सापडतो. हे कळलं तेही अपघाताने. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ आयरिंग, ख्रिस्तेन्सन आणि रेट हे भौतिकशास्त्रज्ञ पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनीचे प्रयोग करत होते. समुद्र खूप खोल, तरी ३००-४०० मीटरवरून प्रतिध्वनी येत होता, जणू तिथे तळ आहे. या खोट्या तळाने पुढे अनेकांना चकवलं. १९४५ मध्ये स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्टिन जॉन्सन यांनी दिवस-रात्र जाळी ओढून आणि थराच्या हालचाली टिपून दाखवलं, की हा तळ संध्याकाळी वर चढतो आणि पहाटे खाली उतरतो. तळ असा वागत नाही. जिवंत प्राणी वागतात.

पडद्यावर हे दृश्य पाहण्यासारखं असतं. दुपारभर ४०० मीटरवर जाड पट्टा निवांत पडलेला. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच त्याची वरची कड तिरकी होते आणि तासा-दोन तासांत सगळा पट्टा वर. पाच सेंटीमीटरच्या माशाला ४०० मीटर म्हणजे स्वतःच्या लांबीच्या ८,००० पट. माणसाच्या उंचीने हिशेब केला तर १३ किलोमीटरच्या वर, उभ्या दिशेने, रोज संध्याकाळी, आणि पहाटे तेवढंच परत. वर येतात ते कोपेपॉडसारखे बारीक प्लवक खायला, अंधाराच्या आडोशाने. घड्याळ बघून नाही, उजेड बघून. पौर्णिमेला थर खोलच रेंगाळतो, ढग आला तरी थोडा वर सरकतो, सूर्यग्रहणात भर दिवसा चढू लागतो.

तुम्ही झुंडीबद्दल विचारलं आहे. बहुतेक जाती विरळ थरात असतात. एका माशापासून दुसरा कित्येक मीटर दूर, त्याला झुंड म्हणवत नाही. पण काही जाती खरोखर एकवटतात. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापुढच्या खोल पाण्यात इको साउंडरवर वेगळेच तुटक ठिपके दिसत. १९६७ साली अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक ॲल्विन पाणबुडीतून थेट त्या ठिपक्यांत उतरले. तिथे सेराटोस्कोपेलस मादेरेन्सिस या कंदीलमाशाच्या झुंडी सापडल्या, ५ ते १० मीटर जाड, कुठे १० तर कुठे १०० मीटर रुंद, दाट जागी एका घनमीटरला १० ते १५ मासे. ओमानच्या आखातातला बेंथोसेमा टेरोटम हाही असाच. त्याचं आयुष्य वर्षभराचं आणि दिवसा तो अशा थरात बसतो जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. भलेभले शिकारी तिथे फिरकत नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न. १ अब्ज टनांचा आकडा आला १९८० साली, ग्योसेटर आणि कावागुची यांच्या अहवालातून. यात एकटा कंदीलमासा नव्हे, त्या खोलीवरचे सगळेच लहान मासे धरले होते. जगभर जाळ्यांनी जे सापडलं होतं त्याची ती बेरीज. जाळं एवढ्या पाण्यातून ओढलं, इतके मासे आले, तर अख्ख्या समुद्रात किती, असा हिशेब. गणितात चूक नाही. चूक आहे ती जाळ्यासमोरचा मासा तिथेच उभा राहतो हे धरण्यात.

एकदा आम्ही थराच्या बरोबर मधून दोन तास जाळं ओढलं. पडद्यावर थर असा दाट, की पेटी भरून मासे यावेत. वर आली ती चार मुठी मासळी आणि भरपूर जेली. मला वाटलं, जाळ्याच्या शेपटाची गाठ सुटली असणार. (असंही घडलेलं आहे, त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नव्हतं.) या वेळी गाठ पक्की होती. मासे बाजूला झाले होते, एवढंच. बारीक मासा पकडायला बारीक आसाचं जाळं लागतं, ते पाण्याला अडतं, म्हणून हळू ओढावं लागतं. त्याच्या पुढे दाबाची लाट जाते, दोरांना घासून इतर जीव चमकतात. मोठ्या डोळ्यांच्या माशाला आणखी काय इशारा हवा? नॉर्वेच्या संशोधकांनी २०१२ साली हेच मोजून दाखवलं. आधीच पाण्यात ठेवलेल्या इको साउंडरवरून त्यांनी जाळं येताना पाहिलं. जाळ्यासमोर बेंथोसेमा ग्लेशियाले या माशाचा थर चक्क दुभंगतो, आणि जाळं गेल्यावर पुन्हा मिटतो. म्हणजे १९८० चा आकडा ज्यांना पळता आलं नाही त्यांचा होता.

१० अब्जांचा आकडा आला आवाजावरून. मालास्पिना २०१० या स्पॅनिश मोहिमेने जगाला प्रदक्षिणा घातली, वाटेत इको साउंडर अखंड चालू होता, आणि २०१४ साली त्यावरून निष्कर्ष छापून आला: खोल थरातले मासे १० अब्ज टनांच्या घरात, कदाचित जास्तच. तुलनेसाठी सांगतो, जगभरच्या समुद्रांतली वर्षाची सगळी मासेमारी मिळून साधारण ८ कोटी टन असते. बातम्यांना आणखी काय हवं होतं?

मी त्या पद्धतीचाच माणूस आहे, त्यामुळे तिची खोडही मला माहीत आहे. आपण मोजतो तो मासा नव्हे, बुडबुडा. आणि प्रत्येक बुडबुड्याला स्वतःचा एक सूर असतो. आपण सोडलेल्या आवाजाचा सूर त्याच्याशी जुळला, तर तो बुडबुडा आपल्या आकाराच्या कितीतरी पट मोठ्याने घुमतो. कंदीलमाशाच्या पिशवीचा आकार आणि तिथल्या खोलीवरचा दाब असा काही जमून येतो, की आम्ही नेहमी वापरतो त्या वारंवारितांना लहानशी पिशवी घुमू शकते. मग एक मासा दहांसारखा ऐकू येतो. त्यात बुडबुडा फक्त माशांकडेच असतो असंही नाही. सायफोनोफोर नावाच्या जेलीसारख्या वसाहतींच्या टोकाला वायूने भरलेला फुगा असतो. १९६३ साली एरिक बारहॅम यांनी ट्रिएस्ट या खोलपाण्याच्या वाहनातून पाहून दाखवलं, की त्या खोट्या तळात सायफोनोफोर भरपूर असतात. आमच्या चार मुठी मासळीबरोबर आलेली जेली आठवा. तिचा आवाज आम्ही किती वेळा मासा म्हणून मोजला असेल!

चूक उलट दिशेनेही होते. ४०० मीटरवर दाब ४१ वातावरणांचा. तिथला बुडबुडा वर येताना फुगणार, खाली जाताना आवळणार. रोज एवढी चढ-उतर करणाऱ्याला हवेची पिशवी सांभाळणं महागात पडतं. म्हणून कित्येक जातींत वय वाढलं की पिशवीत हवेऐवजी चरबी भरते किंवा पिशवीच आक्रसते. चरबीची घनता पाण्याच्या जवळची, त्यामुळे असा मासा आवाजाला जवळजवळ अदृश्य. म्हणजे त्याच थरातली पोरं ओरडतात आणि मोठे गप्प राहतात. पडद्यावर दिसणारा एकच जाड पट्टा थोड्या घुमणाऱ्या माशांचा असू शकतो, किंवा खूपशा मुक्यांत मिसळलेल्या थोड्या बोलक्यांचा. २०१९ साली ही सगळी अनिश्चितता धरून पुन्हा हिशेब झाला, तेव्हा उत्तर आलं १.८ ते १६ अब्ज टन. लोक हसले. मला तो सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो. माझ्या मते १ अब्ज नक्कीच कमी आहे आणि १० अब्ज हा आकडा जेली आणि घुमणं यांचा वाटा नीट वजा केल्याशिवाय बोलू नये. सध्या इको साउंडरच केबलला बांधून थरात सोडतात आणि एकेका माशाचा प्रतिध्वनी वेगळा ऐकतात. काम संथ आहे, पण तिथे मासा आणि जेली वेगळी काढता येते.

मग पकडत का नाहीत? प्रयत्न झाले. दक्षिण आफ्रिकेत लॅम्पॅनिक्टोडेस हेक्टोरिस हा कंदीलमासा १९७३ साली ४२ हजार टनांवर पकडला गेला. पुढे तो धंदा बंद पडला आणि कारण मोठं गमतीचं होतं: माशात तेल इतकं, की मासळीची पूड करणारी यंत्रं तुंबायची. दक्षिण महासागरात सोव्हिएत जहाजांनी इलेक्ट्रोना कार्ल्सबर्गी पकडला, १९९०-९१ च्या हंगामात ७० हजार टनांहून अधिक. सोव्हिएत संघ कोसळला आणि पाठोपाठ ती मासेमारीही थांबली. अडचण कायम तीच असते. मासा विरळ, जाळं बारीक, इंधन भरपूर, आणि हाती येतो तो पूड करण्याजोगा माल. माणसाने थेट खावा म्हटलं, तर काही जातींच्या अंगातलं तेल मेणासारखं असतं, आपलं पोट ते पचवत नाही आणि जुलाबावाटे बाहेर टाकतं. ओमानच्या आखातासारख्या दाट झुंडीच्या जागा सोडल्या, तर खर्चाचा मेळ बसत नाही. मत्स्यशेतीला पूड कमी पडू लागली आहे, त्यामुळे हा मेळ उद्या बसेलही. नॉर्वेने त्या दृष्टीने प्रायोगिक परवानेही दिले.

इथे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. किंग पेंग्विन दिवसा १००-३०० मीटर खोल बुड्या मारतो तो मुख्यतः या माशासाठी. हवाईजवळचे स्पिनर डॉल्फिन रात्री याच थरावर जेवतात. ट्यूना, माखली, सील, सगळ्यांच्या पोटात हा निघतो. तो वरचे प्लवक खातो आणि खाली जाऊन श्वास सोडतो, विष्ठा टाकतो, मरतो. म्हणजे वरच्या पाण्यातला कार्बन स्वतःच्या अंगाने खोलात नेऊन ठेवतो. ईशान्य पॅसिफिकमध्ये खोल जाणाऱ्या कार्बनपैकी १५ ते १७ टक्के या खोलीवरचे मासे नेतात, असा अंदाज २०१३ साली मांडला गेला. पण हा अंदाजही मासे किती यावरच उभा आहे. मासे दहापट निघाले, तर ती टक्केवारीही बदलेल. अशात मासेमारी सुरू करणं हा बँकेत किती शिल्लक आहे ते माहीत नसताना धनादेश फाडण्याचा प्रकार आहे. अमेरिकेने आपल्या पश्चिम किनाऱ्यापुरता तो टाळला. २०१६ च्या नियमाने तिथे मिक्टोफिडी आणि आणखी काही खोलपाण्याच्या कुळांची नवी मासेमारी, आधी शास्त्रीय माहिती पुढे आल्याशिवाय, सुरू करता येत नाही.

जाता जाता प्लास्टिकबद्दल, कारण हा प्रश्न हमखास पुढे येतो. उत्तर पॅसिफिकच्या भोवऱ्यातल्या अशा माशांच्या पोटात प्लास्टिक किती, याचे दोन आकडे फिरतात, ३५ टक्के आणि ९ टक्के. त्यातही जाळ्याचा हात असू शकतो. पृष्ठभागावरच्या जाळ्याच्या शेपटात मासे आणि प्लास्टिकचे कण तासन्‌तास एकत्र कोंबलेले असतात, आणि घाबरलेला मासा समोर येईल ते गिळतो. दुसऱ्या अभ्यासातल्या संशोधकांनी ही शक्यता गृहीत धरून काळजी घेतली होती, आणि त्यांचा आकडा ९.२ टक्के आला. कुठलाही आकडा वाचाल तेव्हा तो जाळ्याचा की आवाजाचा, दिवसाचा की रात्रीचा, एवढं बघून घ्या. आवाजाचा असेल तर सूर किती किलोहर्ट्झचा होता तेही. आम्ही नेहमी वापरतो तो ३८ किलोहर्ट्झचा असेल, तर त्यात जेली किती धरली आहे ते शोधा. बहुतेक वेळा ते तळटीपेत असतं.